विश्लेषण : अनोळखी नदीत गळ टाकण्याआधी काय पाहावे? वरोऱ्याजवळची वर्धा नदी काय शिकवते?

पाऊस थांबून नदीचे पाणी निवळले, की वरोरा, भद्रावती, वणी भागात सुट्टीच्या दिवशी दुचाकीला गळाची काठी बांधून निघालेली तरुण मंडळी दिसू लागतात. ऑनलाइन मागवलेली रीळ, मोबाइलवर पाहिलेला एखादा व्हिडीओ आणि मित्राने पाठवलेले लोकेशन एवढ्या भांडवलावर नवा काठ गाठला जातो. मासा मिळाला नाही तर एक रविवार वाया जातो. पाण्याचा अंदाज चुकला तर मात्र माणूसच परत येत नाही.

वर्धा नदीवर अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातील झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील घोडाझरी तलावात १५ मार्च २०२५ रोजी पाच तरुण बुडाले. ही माणसे मासेमारीला गेली नव्हती. मासे धरणारा तर तासन्तास पाण्याच्या कडेलाच उभा असतो. म्हणूनच नव्या पट्ट्यात मासेमारीची तयारी आमिषापासून नव्हे, तर त्या पाण्याच्या चौकशीपासून सुरू होते. ती कशी करायची?

वरोऱ्याजवळचा हा पट्टा कसा आहे?

वर्धा नदी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते. अमरावती, वर्धा, यवतमाळ असे जिल्हे शिवत ती वरोरा तालुक्याच्या पश्चिम अंगाने वाहते. इथे नदी हीच जिल्ह्याची हद्द आहे. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव आणि वणी तालुके. पुढे घुग्घुसजवळ वढा येथे तिला पैनगंगा मिळते आणि त्याहून खाली वैनगंगेशी संगम झाल्यावर ती प्राणहिता होते.

हद्दीचा हा तपशील कोरडा वाटेल, पण उपयोगाचा आहे. पाण्यातून पलीकडच्या काठावर गेले की पोलीस ठाणे बदलते, महसूल कार्यालय बदलते, मासेमारी करणारे गाव आणि त्यांची संस्थाही बदलते. अपघात झाला तर मदत कुठून मागवायची, हेही त्यावर ठरते. त्यामुळे आपण कोणत्या काठावर, कोणत्या गावाच्या शिवारात उभे आहोत हे आधी माहीत हवे.

नदीचा स्वभावही या पट्ट्यात एकसारखा नाही. कुठे रुंद रेती आणि घोट्याएवढे पाणी, कुठे खडकातून निघालेली धार, तर कुठे उन्हाळ्यातही न आटणारा डोह. काही ठिकाणी काठ काळ्या मातीचा आणि उभा आहे. पावसाळ्यात पाण्याने तो खालून पोखरला जातो. वरून शाबूत दिसणाऱ्या अशा दरडीच्या टोकावर बसणे हीच अनेकदा पहिली चूक ठरते.

आकाश निरभ्र, तरी पाणी अचानक का वाढते?

कारण पाऊस वरोऱ्यात नसला तरी पाणी वरून येते. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाला १३ दरवाजे आहेत, त्याखालच्या निम्न वर्धा धरणाला ३१. यवतमाळकडून येणाऱ्या बेंबळा नदीवरील प्रकल्पाला २० दरवाजे आहेत. शिवाय हिंगणघाटकडून वणा नदी वर्धेला मिळते. यांपैकी कुठूनही विसर्ग वाढला की त्याचा परिणाम काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी खालच्या गावांना दिसतो. जुलै २०२२ मधील पुरात वरोरा आणि भद्रावती तालुक्यांतील नदीकाठच्या गावांनी याचा मोठा फटका सोसला.

धरणाच्या बातमीत विसर्ग ‘क्युमेक्स’ किंवा ‘घनमीटर प्रतिसेकंद’ असा दिलेला असतो. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर, वजनात साधारण एक टन पाणी. विसर्ग ५०० क्युमेक्स असेल, तर दर सेकंदाला ५०० टन पाणी नदीत उतरते आहे असे समजायचे. काही बातम्यांत आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. त्यामुळे आकडा पाहताना त्यापुढचे एकक पाहणे महत्त्वाचे.

हे पाणी पोहोचायला किती वेळ लागेल? ढोबळ गणित सोपे आहे. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर तासाला ३.६ किलोमीटर जाते. म्हणजे १०० किलोमीटर अंतराला सुमारे २८ तास. वेग दुप्पट झाला तर १४ तास. प्रत्यक्षात पुराची लाट पाण्याच्या वेगापेक्षाही लवकर पुढे सरकते, त्यामुळे हे गणित सुरक्षिततेची हमी म्हणून वापरायचे नाही. वरच्या कोणत्याही धरणाचे दरवाजे गेल्या दोन दिवसांत उघडले असतील, तर त्या दिवशी पात्रात उतरायचे नाही, हा साधा नियम पुरेसा आहे.

केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’ हे ॲप ऑगस्ट २०२३ पासून उपलब्ध आहे. त्यावर आयोगाच्या मोजणी केंद्रांवरील पाण्याची पातळी पाहता येते. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. मोबाइलला नदीकाठी रेंज मिळेलच असे नाही, म्हणून दोन्ही घरूनच पाहून निघावे.

काठावर पोहोचल्यावर घरगुती उपाय कामाला येतो. पाण्याच्या कडेला रेतीत एक काडी रोवायची आणि पाणी जिथे टेकते तिथे खूण करायची. दर अर्ध्या तासाने ती पाहायची. खूण बुडाली, पाणी गढूळ होऊ लागले, काडीकचरा आणि फेस वाहून येऊ लागला, की सामान आवरून वर यायचे.

गेल्या वर्षी माहीत असलेला तळ यंदा का चालत नाही?

रेतीच्या नदीचा तळ दर पावसाळ्यात हलतो. जिथे गुडघाभर पाणी होते तिथे डोह होतो आणि डोहाच्या जागी रेतीचे बेट येते. त्यात भर रेती उपशाची. राज्यात १० जून ते ३० सप्टेंबर या काळात नदीतून रेती काढण्यास मनाई असते, उरलेल्या काळात घाटांवर उपसा चालतो. वाळू उपशाबाबतच्या केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खोलीची मर्यादा तीन मीटर आहे. म्हणजे नियमात राहून केलेला खड्डासुद्धा उंच माणसाच्या डोक्यावरून पाणी जाईल इतका खोल असू शकतो. बेकायदा उपशाला तर मापच नसते.

असा खड्डा पाणी भरल्यावर वरून दिसत नाही. कडेला उतार असतो तो सुट्या, ओल्या रेतीचा. पाय घसरलेला माणूस वर चढायला बघतो आणि पायाखालची रेती आणखी खाली सरकते. पोहता येत असूनही माणसे रेतीच्या नदीत का बुडतात, याचे एक उत्तर इथे आहे.

गुगल अर्थवर एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह छायाचित्रे पाहता येतात. उन्हाळ्यातील दोन-तीन वर्षांची चित्रे शेजारी ठेवली, तर धार कोणत्या काठाला सरकली, रेती घाटाकडे जाणारे ट्रॅक्टरचे रस्ते कुठे उतरतात आणि बारमाही डोह कुठे आहेत, याचा अंदाज घरबसल्या येतो. ट्रॅक्टरचा रस्ता जिथे पाण्यात उतरतो, तिथे तळ खणलेला असण्याची शक्यता धरूनच चालावे.

पाण्यात उतरावेच लागले तर हातात बांबू हवा. आधी बांबू, मग पाऊल. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून संथ पाण्यात कमरेपर्यंत उभा राहू शकणारा माणूस धारेत गुडघ्याइतक्या पाण्यातही पडू शकतो.

मासा नेमका कुठे असतो?

अनोळखी नदीत मासा शोधणे म्हणजे तीन गोष्टी शोधणे : खाणे, आडोसा आणि प्राणवायू. जिथे उथळ खळाळते पाणी डोहात उतरते, त्या तोंडाशी तिन्ही मिळतात. धारेबरोबर खाणे वाहून येते, खळाळामुळे पाण्यात हवा मिसळते आणि खाली खोली असते. मोठ्या खडकामागचे संथ पाणी, नाल्याचा संगम, पाण्यात पडलेले झाड, पुलाच्या खांबांमागचा भोवरा या जागाही अशाच. यांतील शेवटची जागा मात्र लांबून पाहण्याची आहे. खांबांभोवती पाण्याने तळ खोल खणलेला असतो.

कोणता मासा हवा यावरही जागा ठरते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. शेततळ्यात हे तिघे एकत्र पाळतात ते याच कारणाने. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे तो पाणवनस्पतीच्या कडेला, संथ आणि उथळ पाण्यातही टिकतो. शिंगाळा आणि वाम तळाशी, खडक-कपारीच्या आधाराने राहतात आणि अंधार पडताना अधिक हालचाल करतात.

ऋतूचाही हिशेब आहे. उन्हाळ्यात धार तुटली की मासा डोहात गोळा होतो. साचलेल्या गरम पाण्यात पहाटेच्या वेळी प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर वनस्पती तो तयार करत नाहीत, उलट वापरतात. तेव्हा मासे पृष्ठभागावर तोंड उघडताना दिसतात. हे भूक लागल्याचे नव्हे, गुदमरल्याचे लक्षण आहे. पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ हे मासे अंडी घालायला नव्या पाण्यात वर चढतात. पोटात गाबोळी असलेली एक मादी काढणे म्हणजे पुढच्या वर्षीची मोठी पैदास काढणे. हौशी माणसाने हा काळ सोडून द्यावा, नदीही तेव्हा धोक्याचीच असते.

पाण्यावर तेलाचा तवंग, कोळशाची काळी झाक, उग्र वास किंवा मेलेले मासे दिसले, तर तिथला मासा घरी न्यायचा नाही. वणी, माजरी, घुग्घुस हा कोळसा खाणींचा टापू आहे. अशा वेळी गळ गुंडाळून ठेवावा आणि माहिती ग्रामपंचायतीला द्यावी.

परवानगी लागते का? पाण्यावर हक्क कुणाचा?

‘नदी सगळ्यांची’ हे अर्धे सत्य आहे. तलाव आणि जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेले असतात. तलाव कुणाच्या मालकीचा आहे यावर मत्स्यव्यवसाय विभाग, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत हा ठेका देते. संस्था त्यात स्वतःच्या पैशाने मत्स्यबीज सोडते. तिथे परवानगीशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील पीक काढण्यासारखे आहे. नदीच्या पट्ट्याबाबत चंद्रपूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि काठावरच्या गावात आधी विचारून घेणे योग्य.

वर्धा-वैनगंगेच्या काठी भोई, ढीवर समाजातील कुटुंबांचे पोट पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर चालले आहे. कोणता डोह किती खोल, कोणत्या महिन्यात कोणता मासा कुठे, कुठे भोवरा आहे, कोणत्या खडकावर शेवाळ असते, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. ते कोणत्याही ॲपवर मिळत नाही. त्यांची जाळी रात्री लावलेली असतात आणि पहाटे काढली जातात. त्यांच्या जाळ्याजवळ गळ टाकला, तर हूक अडकून जाळे फाटते. हौशी माणसाची दोन तासांची करमणूक म्हणजे त्या घराची दिवसभराची मजुरी बुडणे.

म्हणून गावात पोहोचल्यावर पहिला प्रश्न ‘मासे कुठे लागतात?’ हा नसावा. ‘दादा, तुमची जाळी कुठे आहेत, आम्ही कुठे बसू?’ असे विचारावे. त्याचे उत्तर मिळाले, की बाकीची माहिती आपोआप मिळते. त्यांच्यापैकी कुणाला दिवसभर सोबत घेतले, तर त्याचा मोबदला आधीच ठरवावा.

गडचिरोलीकडे आणि जंगलाला लागून असलेल्या भागात आणखी एक मुद्दा येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत पाणवठ्यांतील मासळीचाही समावेश केला आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात गावाला अधिकार दिले आहेत. अशा ठिकाणी ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

काय केले तर थेट गुन्हा?

राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय शिरून मासे धरणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. ताडोब्याला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्या तलावात मगरी आहेत, हेही लक्षात ठेवावे. नदीतील अनेक जातींची कासवे याच कायद्याने संरक्षित आहेत. गळाला कासव लागले, तर दोरा कापून ते लगेच पाण्यात सोडावे.

स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्याला १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच बंदी आहे. स्फोटाने आणि विषाने पिल्लांसकट सारा डोह मरतो. विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणे हा तर मासे धरणाऱ्याच्याच जिवाचा खेळ आहे. ओल्या काठावर उभा माणूस त्या वर्तुळात आपोआप येतो. कुठे असा प्रकार चालू दिसला, तर त्या पाण्यात पाय न घालता तिथून निघावे आणि ११२ वर कळवावे.

थाई मांगूर या परदेशी माशाच्या पैदाशीवर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली. तो गळाला लागला तर परत पाण्यात सोडू नये, कारण तो स्थानिक माशांना खातो. घरच्या काचेच्या टाकीतील मासे नदीत सोडणेही तितकेच घातक. उजनी धरणात अशाच ‘सकर’ माशाने मच्छीमारांना जेरीस आणले आहे.

वाघ, साप यांचे काय?

वरोरा आणि भद्रावती तालुके ताडोब्याच्या शेजारचे. वाघ हद्दीची पाटी वाचत नाही. नदीकाठची झुडपे, गवत आणि नाले हे त्याचे येण्याजाण्याचे मार्ग असतात. पहाट आणि संध्याकाळ या दोन वेळा माशाच्या, तशाच वाघाच्याही. वाकून किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो. म्हणून एकट्याने जाऊ नये, पाठ दाट झुडपाकडे करून बसू नये, मोकळी रेती असलेला काठ निवडावा आणि अंधार पडण्याआधी रस्त्याला लागावे. ओल्या रेतीत ताजे पगमार्क दिसले, तर त्या दिवशीची मासेमारी संपली असे समजावे. जागा चालू शकेल का, हे आधीच वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर विचारता येते.

साप चावल्यास बांधणे, चिरणे, मांत्रिक यांत वेळ घालवू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्यावे. वरोऱ्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सोबत काय न्यावे?

काठी आणि रीळ यांवर सर्वाधिक खर्च होतो, पण अनोळखी पाण्यात जीव वाचवणारे सामान स्वस्त असते. पंधरा-वीस मीटरचा दोर आणि झाकण घट्ट बसवलेला पाच लिटरचा रिकामा कॅन एकत्र बांधून ठेवावा. असा कॅन साधारण पाच किलोचा भार तरंगत ठेवतो. बुडणाऱ्याचे तोंड पाण्यावर राहायला तेवढा आधार अनेकदा पुरतो. डोंग्यात बसायचे असेल तर लाइफ जॅकेट अंगात घालूनच, आणि डोंगा चालवणारा सांगेल तेवढीच माणसे घेऊन.

कार्बनची काठी विजेची वाहक असते. नदीवरून गेलेल्या वीजतारांखाली ती उभी धरू नये आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की आडवी ठेवून दूर जावे. हूक काढायला पक्कड, टॉर्च, शिट्टी, पिण्याचे पाणी आणि तुटलेला दोरा परत आणायला एक पिशवी एवढे पुरे. काठावर टाकलेल्या नायलॉनच्या दोऱ्यात पक्षी आणि गुरे अडकतात.

कुणी बुडू लागले, तर मागोमाग उडी मारू नये. एकाला वाचवताना दुसरा, तिसरा बुडतो, असेच एकापाठोपाठ एक मृत्यू होतात. काठावरून दोर, कॅन, बांबू, ओढणी, जे हाताला येईल ते फेकावे आणि आरडाओरडा करून गावकऱ्यांना बोलवावे.

पहिल्या दिवशी गळ टाकायचाच का?

जाणते लोक नव्या पट्ट्यात पहिली फेरी रिकाम्या हाताने मारतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पाणी कमी असताना, भर दिवसा दीड-दोन किलोमीटर काठ पायी चालून पाहायचा. डोह, खड्डे, उभ्या दरडी, वर चढायच्या वाटा आणि मोबाइलची रेंज कुठे येते, हे नकाशावर टिपून ठेवायचे. काठावरच्या झाडांना अडकलेला काडीकचरा आणि चिंध्या पाहायच्या. गेल्या पुराचे पाणी किती उंच चढले होते, याची ती नदीनेच केलेली खूण असते.

दुसऱ्या फेरीला गळ न्यावा. निघताना घरी गावाचे नाव, काठ कोणता आणि परतायची वेळ सांगून जावे. एवढे करूनही पहिल्या दिवशी मासा लागेलच असे नाही. पण जाळी कुणाची, खड्डा कुठे आणि पाणी वाढले तर वर यायची वाट कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत, तो पुढच्या रविवारी पुन्हा त्याच काठावर जाऊ शकतो.